वाढणीच्या लाकडी फळ्या : फणस, बाभूळ आणि साग यांच्या खेपेच्या प्रकल्प नोंदी

२० नोव्हेंबर २०२३, चिपळूण

या खेपेत पदार्थ वाढण्यासाठीच्या फळ्या करावयाच्या आहेत. भाकरी, थालीपीठ, घावणे, कापलेली फळे किंवा फराळाचे जिन्नस मांडून पानाजवळ नेता येतील अशा त्या असाव्यात, साधारण ४०० मिलिमीटर लांब, २५० मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर जाड. मागणीतला काही भाग इथल्या, म्हणजे कोकणातल्या घरांचा आहे, काही पुण्याचा आणि काही नागपूरचा. फळी कोणत्या गावाला जाणार हे आधीच ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे, कारण वाळलेले लाकूडसुद्धा हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे कधी थांबवत नाही. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्के असेल, तर लाकडातला ओलावा १६ ते २० टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो. आर्द्रता ३० टक्के असेल, तर तोच ६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. चिपळूणचा जुलै पहिल्या टोकाला आहे आणि नागपूरचा मे दुसऱ्या.

फणसाचे लाकूड मे २०२१ मधील तौक्ते वादळात उन्मळून पडलेल्या एका झाडाचे आहे. महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ यांच्या जोडीला फणसही असल्यामुळे उभे झाड तोडायला परवानगी लागते, आणि पडलेल्या झाडाच्या लाकडाचीही कागदपत्रे जवळ असलेली बरी. ती मालकाकडून घेऊन फाइलला लावली आहेत. ओंडका वाडीच्या वरच्या अंगाला पडला होता, म्हणून त्याच वर्षी २२ जुलैला आलेल्या महापुराचे पाणी त्याला लागले नाही. पावसाळा सरल्यावर तो दीड इंची फळ्यांत कापून, मध्ये पट्ट्या देऊन, पत्र्याच्या छपराखाली त्याची थप्पी लावली होती. एक इंच जाडीला एक वर्ष, हा वखारीतला जुना हिशेब धरला तरी या लाकडाला पुरेसा अवधी मिळालेला आहे.

बाभूळ घाटावरून आणली आहे. बैलगाडीची चाके, नांगर आणि हत्यारांचे दांडे ज्या लाकडाचे होत आले, ते ताटाजवळच्या वापराला सहज टिकेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

४ डिसेंबर २०२३

आज थप्पी उघडून फळ्या निवडल्या. फणसाचा गाभा ताजा रंधला की गर्द पिवळा निघतो आणि उजेडाने काही महिन्यांत तपकिरी होत जातो. हा बदल गिऱ्हाइकाला आधी सांगितला पाहिजे, नाही तर रंग उडाला असा समज होतो. गाभ्याबाहेरच्या पांढऱ्या लाकडात मात्र जागोजागी एक-दीड मिलिमीटरची गोल भोके आणि त्यांच्याखाली मैद्याइतका बारीक भुसा आढळला. ही कीड लाकडातल्या पिष्टमय पदार्थावर जगते आणि तो साठा बाहेरच्या पांढऱ्या भागातच असतो, त्यामुळे गाभ्याला तिचा उपद्रव सहसा होत नाही. पांढरा भाग सरसकट कापून काढायचा, असे ठरले. लाकूड वाया जाते हे खरे, पण कीड मारणारे औषध लावलेल्या लाकडावर कोणी भाकरी ठेवावी, हे मला मान्य नाही. याच कारणासाठी सॉ मिलमधून घेतलेल्या प्रत्येक फळीविषयी, ती औषधाच्या टाकीत बुडवली होती का, हे विचारून घेतले आहे.

सागासाठी एका पाडलेल्या घराच्या तुळया आल्या होत्या. जुने सागवान पाहिले की सुताराचा हात थांबत नाही, हे मी समजू शकतो. तरीही ज्या तुळयांवर ऑइल पेंटचे थर होते किंवा वाळवीच्या औषधाचा वास येत होता, त्या मी बाजूला काढल्या. त्यांची चौकटी किंवा बाके होतील, खाण्याच्या वस्तू होणार नाहीत. उरलेल्या, कधीच न रंगवलेल्या दोन तुळयांचा आतला भाग तेवढा घेतला. खिळे लोहचुंबकाने शोधून काढले.

शिसवीची चौकशी परदेशातल्या एका मराठी कुटुंबाकडून आली होती. शिसव ज्या डालबर्जिया वंशातली, त्यातली जवळजवळ सर्व झाडे २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे संकटग्रस्त वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि सीमेपलीकडे माल धाडताना त्याचे नियम पाहावे लागतात. त्यांना फणस सुचवला आणि त्यांनी तो आनंदाने स्वीकारला.

१८ डिसेंबर २०२३

ओलावा मोजण्याच्या यंत्राच्या सुया फळीच्या नुसत्या पृष्ठभागावर टोचून भागत नाही. नमुन्याची फळी मधोमध कापून ताज्या कापावर मोजले, तेव्हा खरा आकडा कळला. वर १३ टक्के दाखवणारी फणसाची फळी आत १५ टक्के होती. कोकणात उघड्यावर वाळवलेले लाकूड याहून फारसे खाली उतरत नाही. म्हणून सर्व फळ्या आता हवेतला ओलावा ओढून घेणारे यंत्र लावलेल्या बंद खोलीत ठेवल्या आहेत आणि १० टक्क्यांपर्यंत सावकाश आणायच्या आहेत. चिपळूणच्या पावसाळ्यात त्या थोड्या फुगतील, नागपूरच्या उन्हाळ्यात थोड्या आक्रसतील. दोन्हीकडचे अंतर आवाक्यात राहावे, एवढाच या आकड्याचा अर्थ.

हे अंतर किती, तेही मांडून पाहिले. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. आडव्या वलयांची, २५० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली, तर तिची रुंदी जवळजवळ ३ मिलिमीटरने घटते. वलये उभी येतील अशा रीतीने कापलेल्या फळीत हीच घट सव्वा मिलिमीटरच्या आसपास राहते. साग तर या बाबतीत गुणी लाकूड समजले जाते. नागपूरच्या फळ्या उभ्या वलयांच्या पट्ट्या जोडून करायच्या आणि रुंद अखंड फळ्या कोकणासाठी ठेवायच्या, हा निर्णय या हिशेबावरून घेतला.

८ जानेवारी २०२४

कापणी आणि जोडणी झाली. सागात अंगचे तेल असते आणि रंधलेल्या पृष्ठभागावर ते थोड्या वेळाने वर येते, म्हणून पट्ट्यांच्या कडा रंधून लगेच, त्याच बैठकीत गोंद लावून क्लॅम्पमध्ये आवळल्या. गोंद पाणी सोसणारा, मरीन प्रतीचा वापरला. सागातल्या सिलिकामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. आज दर चार-पाच पट्ट्यांनंतर ते दगडावर घासावे लागले.

काही जणांनी फळीच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी मागितली होती. आडवी पट्टी पूर्ण लांबीला गोंदाने चिकटवली, तर मधली फळी आक्रसताना ती तिला धरून ठेवते आणि लाकूड मध्येच तडकते. आमच्या कार्यशाळेतले ज्येष्ठ सुतार, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांनी जुन्या दरवाजांचे उदाहरण देऊन एवढेच म्हटले, “लाकडाला हलायला जागा ठेवा, मग ते तुम्हाला त्रास देत नाही.” आडवी पट्टी या खेपेतून काढून टाकली.

२२ जानेवारी २०२४

बाभळीने आज दिवसभर कस पाहिला. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. रंधा एका दिशेने मारला की अर्धी फळी गुळगुळीत होते आणि उरलेल्या अर्धीतून कपचे निघतात. शेवटी धार काढलेल्या पोलादी पत्र्याने खरवडूनच ती साफ केली. पॉलिश पेपर ८० पासून सुरू करून १२०, १८० आणि २२० पर्यंत नेला. त्यानंतर प्रत्येक फळीवर ओले फडके फिरवले, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर २२० च्या पेपरने ते हलकेच घासून काढले. ही पायरी गाळली, तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात फळी खरखरीत होते.

बाभळीला लोखंडापासून फार जपावे लागते. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, तिची साल कातडी कमावायला वापरतात ती त्यामुळेच. ओले लोखंड अशा लाकडाला टेकले की निळसर काळा डाग उमटतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र आणून शाई करीत, त्यामागची रासायनिक क्रिया हीच. कार्यशाळेत म्हणून या फळ्यांजवळ तारेची लोकर आणायची नाही, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या सूचनेत ओला तवा किंवा विळी हिच्यावर ठेवू नये, हे स्पष्ट लिहायचे.

१२ फेब्रुवारी २०२४

तेलांच्या चाचणीचा निकाल हाती आला. डिसेंबरच्या अखेरीस फणसाच्या एकाच फळीच्या तुकड्यांवर खोबरेल, शेंगदाणा, करडई, जवस ही चार तेले आणि औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावून ठेवले होते. या नोंदीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण फळीच्या निगराणीचा बहुतेक भाग तेलाच्या निवडीतच ठरतो.

तेल लाकडात सुकून घट्ट होते की ओलेच राहते, याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून, म्हणजे ते किती आयोडीन शोषते त्या आकड्यावरून, येतो. जवसाचे मूल्य १८० च्या आसपास असते, करडईचे १४० च्या, शेंगदाण्याचे ९५ च्या आणि खोबरेलाचे १० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलाचे रेणू एकमेकांशी जखडले जाण्याची क्षमता या आकड्याबरोबर वाढत जाते. आमच्या तुकड्यांवर नेमके तसेच घडले. जवसाचा तुकडा बोटाला कोरडा लागतो आणि त्यावर पाण्याचा थेंब गोल उभा राहतो. करडई उशिरा, पण बऱ्यापैकी सुकली. मात्र आजकाल करडईच्या काही जातींच्या तेलात न सुकणारा अंश जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक डब्याचा अनुभव सारखा येईल याची हमी नाही. शेंगदाण्याचा तुकडा अजून चिकट आहे आणि त्याला खवट वास येऊ लागला आहे. शिवाय शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या पुढ्यात ती फळी ठेवणे योग्य नाही. खोबरेल सहसा लवकर खवटत नाही, परंतु ते लाकडात कधीच घट्ट होत नाही. जानेवारीतल्या गार सकाळी ते लाकडाच्या छिद्रांतच गोठून पांढरे दिसत होते आणि ऊन चढल्यावर पुन्हा वितळत होते. लिक्विड पॅराफिन खराब होत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पण तेही सुकत नाही आणि धुण्याबरोबर हळूहळू निघून जाते, म्हणून ते वरचेवर लावावे लागते.

निर्णय असा की, कार्यशाळेतून बाहेर पडताना प्रत्येक फळीला जवसाचे खाद्य प्रतीचे, घाण्याचे तेल द्यायचे. हार्डवेअरच्या दुकानात “बॉइल्ड” म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असतात. ते दारे-खिडक्यांना ठीक, या फळ्यांना नाही. घाण्याचे तेल अगदी पातळ लावायचे, वीस-पंचवीस मिनिटांनी लाकडाने न घेतलेले सगळे तेल पुसून टाकायचे आणि आठवड्याने दुसरा हात द्यायचा. जाड थर दिला तर वर साय धरते, खाली ओले राहते आणि ती चिकट फळी पुन्हा घासून काढण्यापलीकडे उपाय उरत नाही.

मेण देण्याविषयी बरीच चर्चा झाली. एक भाग मधमाशीचे मेण आणि चार भाग तेल असा लेप हाताला फार सुखद लागतो आणि पाणी चांगले अडवतो. पण मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. तव्यावरून उतरवलेली भाकरी थेट ठेवली, तेव्हा मेणाच्या तुकड्यावर पांढुरके वर्तुळ उमटले, नुसत्या जवसाच्या तुकड्यावर उमटले नाही. गरम पदार्थांसाठीच्या फळ्या म्हणून बिनमेणाच्या राहतील; फळे आणि चीज यांच्यासाठीच्या फळ्यांना मेण मिळेल.

१३ फेब्रुवारी २०२४

जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, अशी पाटी भिंतीवर लावली. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि ढिगाऱ्यात ती कोंडली गेली की फडके आपोआप पेट घेऊ शकते. प्रत्येक फडके बाहेर तारेवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्यायचे किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवायचे. हीच सूचना घरोघरी जाणाऱ्या कागदावरही येईल.

११ मार्च २०२४

पुण्याच्या एका गिऱ्हाइकांनी विचारले की, लाकडापेक्षा प्लॅस्टिक जास्त स्वच्छ नाही का. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच प्रश्नावर काम केले. लाकडावर सोडलेले जिवाणू पृष्ठभागाखाली ओढले जातात आणि काही वेळाने पुन्हा मिळवता येत नाहीत, तर सुरीच्या चरे पडलेल्या जुन्या प्लॅस्टिकवरचे जिवाणू हाताने धुऊन पूर्ण काढणे कठीण जाते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ लाकूड धुतले नाही तरी चालते, असा मुळीच नाही. आणि कच्चे मासे-मटण कापायला या फळ्या नाहीत, हे मी त्यांना कळवले. मासळीसाठी घरात वेगळी फळी असावी.

८ एप्रिल २०२४

फळ्यांबरोबर द्यायच्या सूचनेचा मसुदा आज पक्का झाला. यातला प्रत्येक शब्द मी दोनदा तपासला, कारण इथून पुढे फळी ज्यांच्या हाती राहणार, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे.

वापर झाल्याबरोबर फळी कोमट पाणी आणि सौम्य साबण लावून मऊ घासणीने धुवावी, आणि धुताना दोन्ही बाजू ओल्या कराव्यात. एकच बाजू ओली झाली, तर ती फुगते, दुसरी तशीच राहते आणि फळी वाकते. पाण्यात बुडवून ठेवू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. पुसून झाल्यावर तिला कडेवर उभी करून ठेवावी, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागतो. ओट्यावर आडवी ठेवली की खालची बाजू ओलीच राहते. कडक उन्हात वाळवू नये. कांदा-लसणाचा वास राहिला तर जाडे मीठ आणि लिंबाची फोड यांनी चोळून धुवावी. बाभळीवर लोखंडाचा काळा डाग पडला असेल, तर लिंबाचा रस काही मिनिटे ठेवून लगेच धुवावा.

हळदीचा डाग पडला तर सोडा लावू नये, क्षाराने हळद लाल होते. ओल्या डागाला सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ दाखवावे. हळदीचा रंग उजेडाने विरतो. त्या वेळी फळी उलटपालट करावी आणि नंतर तेलाचा हात द्यावा.

तेल केव्हा द्यायचे, हे फळीच सांगते. पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते गोल उभे राहिले तर घाई नाही, पसरून लाकडात मुरले आणि तिथे गडद डाग दिसला तर तेलाची वेळ झाली. तेल दोन्ही बाजूंना आणि कडांना द्यावे, विशेषतः ज्या दोन टोकांवर तंतूंची तोंडे उघडी असतात त्यांना, कारण पाणी तिथूनच सर्वांत लवकर आत शिरते.

१० जून २०२४

नागपूरहून एक फळी दुरुस्तीसाठी आली. मे महिन्याच्या उकाड्यात ती कूलरच्या झोतासमोर भिंतीला चिकटून आडवी होती, असे त्या काकूंनी पत्रात प्रांजळपणे लिहिले आहे. दोन्ही टोकांना पट्टी लावून पाहिले, मधे साधारण ४ मिलिमीटर बाक होता, पण चीर कुठेही नव्हती आणि जोडही उकलला नव्हता. जी बाजू जास्त वाळते ती आक्रसून खोलगट होते. म्हणून खोलगट बाजू ओलसर कापडावर पालथी ठेवली, वर वजन ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाक जवळजवळ गेला. मग फळी उभी करून दोन्ही अंगांनी सारखी वाळू दिली आणि सगळीकडून तेल दिले. काकूंना कळवले आहे की, नागपुरात नोव्हेंबर ते जून तेलाचा हात महिन्यातून एकदा द्यावा आणि फळी झोतापासून दूर, उभी ठेवावी.

१९ ऑगस्ट २०२४

पावसाळा निम्म्याहून अधिक सरला तसा कोकणातल्या घरांचा अनुभव जमा झाला. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि स्वयंपाकघरातली हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते. एका घरातली फणसाची फळी कडाप्प्याच्या ओट्यावर आडवी राहत असे. तिच्या तळाला बुरशीचे काळे ठिपके आले. ती साबणाने धुऊन, व्हिनेगरचे फडके फिरवून, पंख्याखाली उभी करून तीन दिवस वाळवली. त्यानंतर २२० च्या पेपरने तळ हलका घासला आणि जवसाचे तेल दिले. ठिपक्यांचे फिकट व्रण काही ठिकाणी राहिले आहेत, ते वापराला बाधक नाहीत. पावसाळ्यात हेच तेल सुकायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेते, म्हणून कोकणातल्या घरांनी तेलाचा मुख्य हात मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधीच द्यावा, ही सुधारणा सूचनेत केली.

खूण लावलेल्या फळ्यांची रुंदीही आज कॅलिपरने मोजली. कार्यशाळेत ठेवलेली सागाची जोडफळी जोडणीनंतरच्या मापापेक्षा एक मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद झाली आहे. फणसाची अखंड फळी तिच्याहून अधिक, पण ती सपाट आहे आणि टेबलावर डुगडुगत नाही.

पुढच्या खेपेतल्या कोकणच्या फळ्यांना एका टोकाला १२ मिलिमीटरचे भोक पाडून सुती दोरी ओवायची आणि भोकाच्या आतल्या बाजूलाही तेल द्यायचे, असे तात्यांशी बोलून ठरले. त्यासाठी फणसाच्या उरलेल्या फळ्या आजच सुकवण्याच्या खोलीत हलवल्या. त्यांचा आतला ओलावा १७ टक्के आहे.